अभ्यासाबाहेरची ताई

६ जानेवारी

ती. ताई,

फोनवर आपण दोघी बोलत असलो की तिसरी आई असतेच, आणि तुझी वाक्यं तीच पुरी करते. म्हणून हे पत्र. एका खोलीत राहून जे बोललो नाही ते आता कागदावर बोलू.

विषय एकदाचा ठरला. सार्वजनिक आरोग्याच्या आमच्या वर्गात बाकी सगळे साथीचे रोग नाहीतर पिण्याचं पाणी धरून बसलेत. मी घेतलंय ते असं: अपंग बायकांना दवाखान्यात इतरांसारखी सेवा मिळते का, आणि मिळत नसेल तर अडतं नेमकं कुठे. मॅडमनी विचारलं, "हे कुठून सुचलं?" म्हटलं, "घरातूनच. माझी मोठी बहीण चाकाच्या खुर्चीत असते." तर लगेच म्हणाल्या, "मग ती अभ्यासात नको. नात्यातल्या माणसाला आपण सोयीचे प्रश्न विचारतो आणि ते आपल्याला सोयीची उत्तरं देतं." थोडक्यात, तू बाद! रागावू नकोस, नियम आहे.

पण पहिल्याच आठवड्यात मला घबाड सापडलंय. खरं नाव सांगायची परवानगी नाही. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या, म्हणून आपण टेलिफोनबाई म्हणू. जिन्यावरून पडून पाठीचा कणा गेला, तुझ्यासारखंच कमरेखाली काही कळत नाही. पाचव्या मजल्यावर एकट्या राहतात आणि लिफ्ट सदान्‌कदा रुसलेली. आवाज मात्र असा की ऐकत बसावं. दवाखान्यात वजनाच्या काट्यावर उभं राहता येईना, तेव्हा शिपायाने त्यांना मागच्या गोदामात नेऊन सामानाच्या काट्यावर खुर्चीसकट चढवलं. तर त्या म्हणाल्या, "आता 'नाजूक माल' असा शिक्काही मारा." मी इतकी हसले की लिहून घ्यायचंच राहिलं.

मी विचारलं, दवाखान्यात सगळ्यात जास्त राग कशाचा येतो? म्हणाल्या, "डॉक्टर माझ्याकडे न बघता बरोबरच्या माणसाला विचारतात, 'यांना काय होतंय?' त्याचा." ताई, हे कधी माझ्या डोक्यातच आलं नव्हतं!

दुकान कसं चाललंय? पळते आता.

तुझी
मुंगी


१७ जानेवारी

चि. मुंगी,

आशीर्वाद नेहमीचेच, वाढवून मिळणार नाहीत. घबाडाबद्दल अभिनंदन.

बाद केलंस ते ठीक, पण बाद करायच्या आधी निदान एक चेंडू तरी टाकतात. मला तर मैदानातच उतरू दिलं नाहीस.

दुकान बरं चाललंय. पाटीवर अजून बाबांचंच नाव आहे, आणि गिऱ्हाईक आत येऊन अजून विचारतं, "कोणी नाही का?" मी काउंटरमागे भिंग घासत बसलेली असते. मग म्हणते, "आहे की. चष्मा नाही ना तुम्हाला, म्हणून दिसले नसेन." काल मुख्याध्यापक आले होते. चष्म्याचा स्क्रू पडला तर टाचणी खुपसून आठवडाभर हिंडत होते, आणि कानशिलाला टोचतंय म्हणून तक्रार माझ्याकडे! बसवून दिला. जाताना आईला म्हणाले, "हुशार आहे हो मुलगी." मी समोर होते.

तुझ्या टेलिफोनबाईचा, मी त्यांना राणीसरकारच म्हणते, तो काट्याचा विनोद आईला वाचून दाखवला. ती "बिचारी" म्हणाली. मलाही फारसं हसू आलं नाही, पण माझं कारण वेगळं. माझं वजन शेवटचं कधी केलं ते तुला आठवतंय? मलाही नाही. डॉक्टर अंदाजाने आकडा टाकतात आणि आई म्हणते, "तेवढंच असेल."

बाकी विशेष नाही. खुर्चीतल्या उशीच्या खोळीला हल्ली डाग पडतो, ओलसर. आई म्हणते खोळ जुनी झाली. नवी शिवली, तिलाही पडला. असो.

आणि "कधी माझ्या डोक्यातच आलं नव्हतं" हे वाक्य मी दोनदा वाचलं. डोक्यात यायला आधी डोळ्यांना दिसावं लागतं गं. एकदा नंबर तपासून घे.

ताई


२ फेब्रुवारी

ती. ताई,

मुख्याध्यापकांची टाचणी वाचून कँटीनमध्ये एकटीच खिदळत होते, लोक बघायला लागले.

टेलिफोनबाईची मुलाखत संपली खरी, पण मी अजून जाते. जिने चढताना दम लागतो, आणि दार उघडून ती "आलीस का पोरी" म्हणाली की सगळं विसरते. परवा मात्र बोलणी खाल्ली. लिफ्ट कधी नव्हे ती चालू होती म्हणून दोघी खाली गेलो, रस्त्यावर उतार होता म्हणून मी पटकन तिची खुर्ची धरली. तर थांबली आणि म्हणाली, "ही खुर्ची नाही, हे माझं अंग आहे. परक्याच्या अंगाला न विचारता हात लावतेस का?" मी शरमेने अर्धी झाले. आयुष्यभर तुझी खुर्ची ढकलली आणि हे मला कुणी शिकवलं नव्हतं!

तिच्याकडे लांब दांडीचा एक आरसा आहे. रोज सकाळी कपडे घालायच्या आधी ती त्यात बसायची जागा बघते, कातडी लाल झालीय का, सोललीय का. म्हणते, "जिथे कळत नाही तिथे बघावं लागतं." केवढं मोठं वाक्य आहे बघ! मी ते खोलीतल्या फळ्यावर लिहून ठेवलंय. पुढच्या बैठकीत मॅडमना दाखवणार आहे. चाकं ढकलून ढकलून तिचं कोपर सुजलंय, म्हणून जाते तेव्हा गरम पाण्याच्या पिशवीने शेक देते. ती म्हणते, माझ्यासारखं विचारणारं माणूस तिला आजवर भेटलं नाही.

आईला सांग खोळ जाड कापडाची शिव म्हणून, डाग वर येणार नाही.

तुझी
मुंगी


९ फेब्रुवारी

मुंगी,

खोळ जाड कापडाची शिवली.

आता स्पष्टच लिहिते, कारण आडून बोललेलं तुला कळत नाही. मला तुझ्या राणीसरकारांचा हेवा वाटतो. हेवा हा शब्दही सभ्य झाला, जळफळाट होतो. पहिल्या पत्रात "त्या" होत्या, दुसऱ्यात "ती" झाली. तिसऱ्यात काय होणार याची मी वाट बघते आहे. बाईंना मी पाहिलेलं नाही, तरी दिवसभर त्या माझ्या डोक्यात ठाण मांडून असतात. काल त्यांच्या नादात एका भिंगाची कड जास्त घासली गेली, फुकट गेलं.

खुर्चीचं म्हणतेस. ती माझं अंग आहे हे मला काय माहीत नव्हतं? तू शाळेतून धावत यायचीस आणि मागून खुर्ची धरून सुसाट निघायचीस. दाराच्या चौकटीवर आदळायचीस, माझे दात वाजायचे. मी कधी हूं की चूं केलं नाही. विचारून हात लाव असं म्हटलं असतं तर तू खेळायला निघून गेली असतीस. तेवढाच वेळ तू माझी असायचीस. परक्या बाईने एकदा दटावलं तर तू शरमेने अर्धी झालीस, आणि मी गप्प बसून काय मिळवलं?

तिच्या कोपराला शेक. माझ्या उशीला डाग, तर कापड! आणि त्याच पत्रात त्या आरशाचं एवढं लांबलचक. शहाणे, तू हेच शिकतेस ना तिकडे? आपल्या दुकानात भिंतभर आरसे आहेत, सगळे तोंड बघायचे. बाकीचंही बघायचं असतं हे इतक्या वर्षांत मला कुणी सांगितलं नव्हतं. आता तुझ्याकडून कळलं, तर बघायची छाती होत नाही.

डॉक्टरकडे जाऊन आलो. तपासायचं टेबल उंच, मला चढवायला कोणी नाही. त्यांनी आईला विचारलं, "हिला काय होतंय?" आई म्हणाली, "घामोळं असेल." त्यांनी मलम लिहून दिलं. बघितलं कोणीच नाही.

अगदी तुझ्या अभ्यासात शोभेल असं आहे ना हे? पण मी पडले बाद.

ताई


१५ फेब्रुवारी

ताई,

तो डाग म्हणजे जखम असणार. माझ्या लक्षात यायला हवं होतं. हलगर्जी करू नकोस, आईला सांग, तुला मोठ्या रुग्णालयात घेऊन जाईल.

आता हेव्याचं. हेवा काय असतो ते तू मला शिकवतेस? मी तीन वर्षांची असताना तू गच्चीवरून पडलीस, आणि त्या दिवसापासून आपल्या घरात एकच मूल उरलं. आई तुला घेऊन रुग्णालयात, बाबा औषधं आणायच्या धावपळीत, आणि मी शेजारच्या काकूंच्या पलंगावर. त्या पलंगपोसावरची फुलं मला अजून आठवतात, आईचा तेव्हाचा चेहरा आठवत नाही. वक्तृत्वात पहिली आले, कप नाचवत घरी आले, तर आई म्हणाली, "हळू, ताईचा आत्ता कुठे डोळा लागलाय." तो कप अजून दुकानाच्या फळीवर आहे. त्यात तू स्क्रू ठेवतेस!

लहानपणी मला वाटायचं, आपल्यालाही एक खुर्ची मिळावी. चाकांसाठी नाही, त्या खुर्चीच्या दांड्यावर कायम आईचा हात असायचा म्हणून.

टेलिफोनबाईला आपल्या घरातलं कोणी ठाऊक नाही. तिच्याकडे मी कुणाची धाकटी नसते. एवढ्या जगात एक माणूस माझ्या वाट्याला आलं, त्यातही तुला वाटा हवा?

मुंगी


२० फेब्रुवारी

चि. मुंगी,

"आईला सांग." शाबास!

कपातले स्क्रू डबीत काढले. कप घासून ठेवलाय, नेशील तेव्हा ने.

सोबत एक बंद पाकीट आहे, ते राणीसरकारांना दे. त्यांच्याशी मला थोडं भांडायचं आहे. तू उघडू नकोस. उत्तर दिलं तर पाठव, नाही दिलं तर राहिलं.

ताई


१८ मार्च

ताई,

मी काय तुमची टपालवाली आहे का?

पहिलं पाकीट दिलं तेव्हा मला वाटलं, भांडण होईल, ती मला विचारेल, "काय गं ही तुझी बहीण!" आणि मी तुझी बाजू घेईन, किंवा घेणार नाही, ते ऐन वेळी बघू. तर ती वाचताना आधी हसली, मग तिने शेवट पुन्हा वाचला आणि मला म्हणाली, "तू जरा खालून ब्रेड घेऊन ये." पाच मजले उतरून चढून आले तोवर तिचं पत्र लिहून, पाकीट चिकटवून तयार. मग तुझं दुसरं आलं. मग तुम्ही परस्परच सुरू केलंत. हल्ली मी गेले की टेबलावर तुझं अक्षर असतं आणि ती त्यावर हळूच वर्तमानपत्र सरकवते. तुझ्या पत्रांची माझ्याकडे वानवा, आणि तिच्याकडे थप्पी!

मी एकदा खोदून विचारलं. म्हणाली, "तुझ्या ताईचं ताईला विचार. मी जन्मभर एक्स्चेंजमध्ये बसले, एकाचं दुसऱ्याला सांगितलं नाही." आणि मग तिनेच मला विचारलं, "तुझी ताई झोपते कुठल्या कुशीवर?" मला सांगता येईना. ताई, मी तुझ्याच खोलीत झोपत होते.

आता खरी बातमी. मॅडमना कळलं. मीच रागारागात बोलून बसले, माझी बहीण आणि टेलिफोनबाई एकमेकींना पत्रं लिहितात म्हणून. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "पाकिटं कोण नेत होतं?" मी. "मग ती आता परकी कुठे राहिली? तिची मुलाखत काढून टाक." माझ्या अभ्यासाचा कणाच गेला. ती सगळी वाक्यं, काटा, आरसा, काही वापरता येणार नाही. तू मला देशोधडीला लावलंस.

आणि हे काय चाललंय? दुकानाचा फोन कोणी उचलत नाही. घरी केला तर आई म्हणते, "ताई पडलीय." भर दुपारी? तू कधी दुपारी पडत नाहीस. टेलिफोनबाईला सगळं ठाऊक आहे हे तिच्या तोंडावर दिसतं. मला सोडून तिला का?

ताई, काय झालंय?

मुंगी


२४ मार्च

चि. मुंगी,

शेवटी विचारलंस. सांगते.

पालथी पडून लिहिते आहे, म्हणून अक्षर असं. छातीखाली उशी आहे आणि मान अवघडते, तेव्हा थांबत थांबत लिहीन.

पहिल्या पत्रात मी बाईंना चांगलं झाडलं होतं. माझी बहीण तुम्ही पळवलीत असंच लिहिलं. शेवटी डागाचंही लिहिलं, म्हटलं बघू काय म्हणतात. त्यांनी भांडणाला उत्तरच दिलं नाही. एवढंच लिहिलं: "आधी बघा. मग माझ्याशी हवं तेवढं भांडा, मी कुठे पळून जाते!" आणि आरसा कसा धरायचा, कुठल्या कुशीवर वळायचं, उजेड कुठून घ्यायचा, सगळं बैजवार. दुकानातला हातात धरायचा आरसा काढला, छत्रीच्या दांडीला बांधला, दार लावून घेतलं आणि पाहिलं.

जखम मोठी होती. कडा काळ्या, मध्ये खड्डा. माझ्याच अंगावर होती आणि मला पत्ता नाही. मी ओरडले नाही, पण आरसा फुटला.

भिंगं पोचवायला येतो त्याच्या टेम्पोतून मोठ्या रुग्णालयात गेले. आई बरोबर आलीच. दारातच तिला म्हटलं, "आई, तू बाकावर बस. आत मी बोलते." ती म्हणाली, "तुला नीट सांगता येईल का?" म्हटलं, "मलाच येईल." ती बसली, पण तोंड एवढंसं झालं. मला वाईट वाटलं आणि बरंही वाटलं. आत डॉक्टरीणबाई तरुण होती. टेबल इथेही उंचच, पण तिने गादी खाली घालायला लावली आणि स्वतः जमिनीवर बसून पाहिलं. म्हणाली, आणखी उशीर झाला असता तर हाडापर्यंत पोचलं असतं. मरतातही लोक याने. मलम बघून टोपलीत टाकलं. शिवाय माझं वजन झालं! खुर्चीसकट, मग खुर्चीचं वजा करून. किती भरलं ते सांगणार नाही, पण डॉक्टर आजवर बरंच जास्त लिहीत होते.

आता रोज मलमपट्टी. बसायचं नाव काढायचं नाही. दुकान बंद.

तुला सोडून त्यांना का सांगितलं? परकीला सांगायला काही लागत नाही. पाकीट चिकटवलं की झालं. तुला सांगताना भीती वाटत होती, तू सगळं टाकून धावत येशील म्हणून. आणि येणार नाहीस, अशीही भीती होती. दुसरी मोठी होती.

तुझी मुलाखत गेली हे वाचून मला वाईट वाटलं. पण आधी आनंद झाला, हे खोटं कशाला बोलू? म्हटलं, बरं झालं, राणीसरकारही बाद! मग तुझं तोंड डोळ्यांसमोर आलं आणि रडले. पालथं पडून रडायला फार गैरसोयीचं असतं, नाक चोंदतं.

ताई


३० मार्च

ती. ताई,

पत्र उभ्याउभ्या वाचलं. फळ्यावरचं ते वाक्य पुसलं. आरशाचं वाक्य बघत रोज झोपत होते आणि जाड कापड सुचवत होते. माझ्यासारखी अडाणी शोधून सापडायची नाही.

मी येते आहे. १० एप्रिलला पोचेन. मॅडम म्हणाल्या, "आत्ता? अभ्यास अर्धा पडलाय. आणि बहिणीला विचारलेलं अभ्यासात काही धरता येणार नाही, ठाऊक आहे ना?" म्हटलं, ठाऊक आहे. त्यांनी रजा दिली. बाकीच्या बायकांच्या मुलाखतींवर कसंबसं भागेल म्हणाल्या.

टेलिफोनबाईचा निरोप घ्यायला गेले तर तिने स्वतःचा आरसा कागदात गुंडाळून पुढे केला, "तिचा फुटला ना, हा दे." मी नको म्हटलं. नवा विकत घेतलाय, माझ्याकडून. तिचा आरसा तुझ्या हातात बघायची माझी तयारी नाही. हस, काय हसायचं ते.

मला वाटत होतं मी तुझ्यावर जळते. मग वाटलं तिच्यावर. खरं म्हणजे तुम्ही दोघी एकमेकींना जे सांगत होतात ते मला हवं होतं.

खूप विचारायचं आहे. कुठल्या कुशीवर झोपतेस इथपासून. पडलीस तेव्हा गच्चीवर काय करत होतीस, हेसुद्धा मला कुणी सांगितलेलं नाही. मी शिकायला निघाले तेव्हा तू दुकानातून बाहेर आली नाहीस, ते का? वही आणत नाही. आई उत्तर द्यायला लागली तर काय करायचं ते तू ठरव.

खुर्चीला हात लावायच्या आधी विचारीन.

तुझी
मुंगी


३ एप्रिल

चि. मुंगी,

ये.

तू येशील त्या दिवशी आई चार दिवस मावशीकडे जाते आहे. मीच पाठवते आहे. "ती दोन दिवसांसाठी येणार आणि मी नसू?" म्हणून कुरकुरली, पण कबूल झाली. वर म्हणाली, "मुंगीला सांगून ठेव, तुला उजव्या कुशीची सवय आहे." मी म्हटलं, "आई, डावी." दारात उभी राहून कितीतरी वेळ माझ्याकडे बघत होती.

जखम भरायला लागलीय. अजून बसायची परवानगी नाही. तेव्हा मी पालथी, आणि तुला बसायला माझी खुर्ची घे. रिकामीच आहे, विचारायची गरज नाही.

गच्चीचं सांगेन, पण एका अटीवर. मी जे सांगेन ते राणीसरकारांना कळवायचं नाही. त्यांना मी पुष्कळ लिहिलं, रागाच्या भरात नको तेही लिहिलं, पण ते एवढं लिहिलं नाही. त्यांनी विचारलं होतं, दोनदा. मी म्हटलं, ते आमच्या मुंगीने अजून विचारलेलं नाही.

ताई